इन्सुलिनआधी इन्सुलिनचं काम मोजलं गेलं

रक्तातलं इन्सुलिन मोजता येऊ लागलं आणि मग त्याचं काम कळलं, असा क्रम सर्रास सांगितला जातो. घडलं ते उलट. १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांना रक्तातली फक्त साखर मोजता येत होती. त्यांनी मधुमेहींना एकदा नुसतं ग्लुकोज प्यायला दिलं, दुसऱ्यांदा ग्लुकोजबरोबरच शिरेतून इन्सुलिनही दिलं, आणि दोन्ही वेळी साखर किती चढते ते ताडून पाहिलं. काहींची साखर इन्सुलिनने आटोक्यात राहिली. काहींची इन्सुलिन मिळूनही चढतच गेली. म्हणजे काही मधुमेहींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं.

इन्सुलिन न मोजता काढलेला हा निष्कर्ष अंदाजच, असा आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून, माजी सैनिकांच्या रुग्णालयातून आलं. रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन आणि गिनीपिगमध्ये तयार केलेली प्रतिपिंडं एकत्र केली. त्यात रुग्णाचं रक्तद्रव मिसळलं, की त्यातलं इन्सुलिन प्रतिपिंडांवरची जागा बळकावायचं. किरणोत्सारी इन्सुलिन जितकं सुटं राहील, तितकं रुग्णाचं इन्सुलिन जास्त. प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात, ग्लुकोज घेतल्यावर उशिरा का होईना, इन्सुलिन भरपूर निघालं. हिम्सवर्थ यांचा तर्क चोवीस वर्षांनी असा पक्का झाला.

तरी हिम्सवर्थ यांची चाचणी ओबडधोबडच होती, असं म्हणता येईल: ग्लुकोज जठरातून किती वेगाने पुढे सरकतं, यावरही निकाल हलायचा. १९७९ मध्ये डीफ्रॉन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी ‘क्लॅम्प’ पद्धत मांडली. शिरेतून इन्सुलिन सोडायचं, दर पाच मिनिटांना साखर तपासायची आणि ती ढळू नये एवढं ग्लुकोज शिरेतूनच देत राहायचं. जास्त ग्लुकोज लागलं तर शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतं. मापन नेमकं झालं, पण त्यातून आतडं वगळलं गेलं. तोंडावाटे घेतलेलं ग्लुकोज शिरेतल्या ग्लुकोजपेक्षा जास्त इन्सुलिन स्रवायला लावतं, हे तर १९६४ मध्येच दिसलं होतं. शिवाय जेवणानंतर यकृत स्वतःची साखर सोडणं किती आवरतं, हेही पाहावं लागतं. घासातली साखर आणि यकृताची साखर वेगळी ओळखायला ग्लुकोजला दोन निरनिराळ्या खुणा लावून एक तोंडावाटे, दुसरी शिरेतून द्यावी लागते. क्लॅम्पला सुवर्णमानक म्हणतात, ते इन्सुलिनच्या परिणामापुरतं योग्यच आहे. जेवणाच्या बाबतीत तो मान त्याचा नाही.