साहसाची कबुली : प्रवासवृत्त आणि लिंगभाव

थराराची ओढ पुरुष प्रवाशांना अधिक आणि स्त्रियांना कमी असते, हे विधान आज मानसशास्त्राच्या आधाराने केले जाते. मार्विन झुकरमन यांनी १९६४ साली संवेदनशोधाची मापनश्रेणी मांडली. तिच्या १९७८ च्या आवृत्तीत 'थरार व साहस' या उपश्रेणीवर पुरुषांचे सरासरी गुण अधिक भरतात. 'अनुभवशोध' या उपश्रेणीवर मात्र हा फरक जवळजवळ उरत नाही. पहिल्या उपश्रेणीतील विधाने गिर्यारोहण, पॅराशूटची उडी यांसारख्या गोष्टींविषयीची असून ती मुख्यतः इच्छेची नोंद घेतात, कृतीची नव्हे. म्हणजे येथे मोजली जाते ती साहसाची कबुली. कबुली हा निवेदनाचा प्रकार असल्याने तिचा इतिहास समीक्षेला तपासता येतो.

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी, दक्षिणेच्या आशेने. प्रयोजन निखळ व्यावहारिक होते. परंतु 'माझा प्रवास'मध्ये झाशीचा वेढा सुरू होताच हे प्रयोजन मागे पडते आणि भय व कुतूहल यांनी भारलेला निवेदक पुढे येतो. मिळवलेले द्रव्य लुटले गेले, तरी निवेदनाची गोडी आटत नाही. (१९०७ ची वैद्यांची संपादित प्रत आणि पोतदारांनी १९६६ साली छापलेली मूळ संहिता शेजारी ठेवली, तर या थरारात संपादकाचा वाटा किती, हेही पाहावे लागते.) गोडसे भटजींच्या या विषयांतराचा जाब कोणी विचारला नाही.

पंडिता रमाबाईंना असे विषयांतर परवडणारे नव्हते. आईवडिलांबरोबर देशभर पायी हिंडलेली, दुष्काळात त्यांना गमावलेली ही विधवा १८८३ च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन विलायतेस निघाली. भाड्याचे पैसे उभे राहिले ते 'स्त्रीधर्मनीती'च्या विक्रीतून. स्त्रीने घरात कसे वागावे हे सांगणाऱ्या पुस्तकाने लेखिकेला समुद्रापार नेले! त्याच महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर व्याख्यानात एकटे का जायचे, याचेही उत्तर त्यांना द्यावे लागले. जोखीम कोणाची मोठी होती, हे सांगावयास नको. तरीही गोडसे भटजींना साहसाच्या आणि या दोघींना सुधारणेच्या खात्यात टाकण्याची आपली सवय जुनी आहे.

ही कोंडी केवळ वसाहतीतील नव्हती. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९२-९३ मध्ये बावीस स्त्रियांना सदस्यत्व दिले आणि लगेच दार लावून घेतले. ते पुन्हा उघडले १९१३ मध्ये. मेरी किंग्जली पश्चिम आफ्रिकेत माशांचे नमुने गोळा करीत हिंडली, १८९५ साली कॅमेरूनच्या शिखरावर चढली. १८९७ च्या ग्रंथात ती अणकुचीदार खुंट्यांच्या खड्ड्यात पडल्याचा प्रसंग सांगते, आणि वाचल्याचे श्रेय देते जाड घागऱ्याला. धोक्यातला आनंद विनोदाच्या आडून सांगण्याची ही युक्ती तिला साधली. रमाबाईंच्या लेखनात ती क्वचितच आढळते. त्यांचा वाचक आधीच त्यांच्या चारित्र्याची उलटतपासणी करीत बसलेला होता. १८८९ च्या त्यांच्या अमेरिकाविषयक ग्रंथाच्या शीर्षकात 'लोकस्थिती' आधी येते, 'प्रवासवृत्त' मागाहून.