दोन मैल लांब चित्र आणि बोलणारी 78 माणसं

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

सुरुवात घरापासून करतो. गेल्या महिन्यात आमच्या टीमने बनवलेला एक स्पीकर बाजारात आला. तो मराठी बोलतो. जाहिरात आली, मी कौतुकाने ती आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत निकाल लागला. एकाचं म्हणणं, आता नातवंडांना गोष्टी हाच सांगणार. दुसऱ्याने किंमत विचारली आणि पुढे हात जोडलेला इमोजी टाकला. आई म्हणाली, "बोलतं रे, पण पाहुण्यांशी बोलल्यासारखं बोलतं." आणि शेजारच्या काकू, ज्या एरवी सगळ्यावर पहिल्या बोलतात, त्या गप्प राहिल्या. काकूंकडे शेवटी येतो.

तर नवं यंत्र, त्याची वाढवून-चढवून केलेली जाहिरात आणि त्यावर लोकांचं म्हणणं, हा खेळ गिरगावाला नवा नाही. आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात तो दोनदा मोठ्या प्रमाणावर झालाय. एकदा 1913 साली, एकदा 1931 साली.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. 7 जुलै 1896 ला काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचं सिनेमॅटोग्राफ यंत्र मुंबईत पहिल्यांदा चाललं. टाइम्समध्ये जाहिरात होती: शतकातला चमत्कार, जगातलं आश्चर्य. तिकीट एक रुपया, म्हणजे गिरणीतल्या माणसाने नुसतं लांबून ऐकायचं. यंत्र नवं होतं, पण ते कोणासाठी आहे हे तिकिटावरच लिहिलेलं होतं.

आता 1913 कडे या. दादासाहेब फाळके आदल्या वर्षी लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. शनिवार, 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. मुंबईत चित्रपट चालला. पण बाहेरगावी अडचण आली. लोकांना पाच-सहा तासांची नाटकं थोडक्या पैशांत बघायची सवय. तासाभरात संपणाऱ्या खेळाला तीन आणे कोण देणार?

मग फाळक्यांनी काय केलं? आजची कोणतीही मोबाइल कंपनी जे करते तेच. स्पेसिफिकेशन छापलं! त्या जाहिरातीचा मजकूर साधारण असा सांगतात: 57 हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत.

मी इंजिनीअर असल्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतात. गणित करून बघू. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी बसतात. 57,000 भागिले 16 म्हणजे साधारण 3,560 फूट. चित्रपटाची लांबी 3,700 फूट नोंदलेली आहे, म्हणजे फोटोंचा आकडा जवळपास बरोबर. पण मैल? एक मैल 5,280 फुटांचा. दोन मैल म्हणजे 10,560 फूट. फाळक्यांचं चित्र पाऊण मैलसुद्धा भरत नाही. एकाच जाहिरातीतले दोन आकडे एकमेकांशी भांडतायत आणि भागाकार करायला कोणी बसलं नाही. लोकांनी लांबी ऐकली, तीन आण्यांशी तोलली आणि आत गेले.

मी फाळक्यांना नावं ठेवत नाहीये हं. त्यांना यंत्र विकायचं नव्हतं, आपली गोष्ट आपल्या माणसांसमोर मांडायची होती. आकडा हा दारातला माणूस. त्याचं काम तुम्हाला आत ओढायचं. आत गेल्यावर थांबायचं की नाही हे हरिश्चंद्र आणि तारामतीवर.

मध्ये 18 वर्षं गेली. मूकपट असले तरी थिएटर मूक नसायचं. पडद्याखाली पेटी-तबला वाजायचा आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी पाट्या मोठ्याने वाचून दाखवायचं. हे लोक लक्षात ठेवा.

शनिवार, 14 मार्च 1931. गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमा. अर्देशिर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा 'आलम आरा', हिंदुस्थानातला पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. जाहिरातीत काय होतं? 78 मेलेली माणसं जिवंत झालीत, त्यांना बोलताना पाहा! आमच्या मार्केटिंगवाल्यांना हे वाचून दाखवलं तर ते नोकरी सोडतील.

यावेळचं हार्डवेअर होतं टॅनार नावाचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र. आवाज चित्रासोबत थेट त्याच फिल्मवर नोंदला जायचा. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. आज आपण आवाज वेगळा घेतो, चुकला तर डबिंग करतो. इथे तशी सोयच नाही. जो आवाज कॅमेऱ्यासमोर झाला तो कायमचा. आणि इराणींचा स्टुडिओ कुठे? केनेडी ब्रिजजवळ, रेल्वेच्या रुळांना लागून! त्यामुळे गाड्या थांबल्या की रात्री एक ते चारच्या दरम्यान चित्रीकरण. माइक नटांच्या आसपास लपवलेला, वादक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर दडलेले. लोकलच्या वेळापत्रकावर उभा राहिलेला आपला पहिला बोलपट. याहून मुंबईचं दुसरं काय असणार?

प्रतिक्रियेचं म्हणाल, तर खेळ दुपारी होता आणि गर्दी सकाळपासून. रांग लावायची पद्धत नव्हती, लोक सरळ तिकीटखिडकीवर तुटून पडले. पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याचं तेव्हाच्या मंडळींनी सांगून ठेवलंय. म्हणजे 16 ते 20 पट. आयफोनसाठी रात्रभर रांगेत उभं राहणाऱ्यांना आपण हसतो, पण त्यांचे पणजोबा मॅजेस्टिकच्या खिडकीवर कोपर मारत होते.

आणि आता एक गंमत. बोलपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, म्हणजे मिनिटाला 90 फूट. 'आलम आरा' दोन तासांहून थोडा मोठा. 120 गुणिले 90, झाले 10,800 फूट. दोन मैलांहून किंचित जास्त! फाळक्यांच्या जाहिरातीतली थाप 18 वर्षांनी खरी झाली, तीही गिरगावातच. हे गणित जमलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

पण हा भाग मला करायचा होता तो त्या दुपारी खिडकीवर नसलेल्या माणसांसाठी.

रुबी मायर्स, म्हणजे सुलोचना, ही इंपीरियलची सगळ्यात मोठी तारका. पण तिला हिंदुस्थानी नीट येत नव्हतं. आपल्याच कंपनीच्या पहिल्या बोलपटात नायिका झाली जुबेदा. सुलोचनाने भाषा शिकून घेतली आणि ती परत आली. नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी माणूस, मूकपटांतला उड्या मारणारा हिरो. त्याला मिळवण्यासाठी कोर्टकज्जा झाला, त्याच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. आणि पडद्यावर? भाषा जमत नाही म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाच्या तोंडी संवाद कमीत कमी. स्वतः फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूक तयार झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. मग 1937 चा 'गंगावतरण', त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट.

ही नावं तरी आपल्याला ठाऊक आहेत. पडद्याखालचा पेटीवाला, पाट्या वाचणारा, त्यांची नावं कुठेच नाहीत. '78 माणसं जिवंत झाली' हे मोठ्या अक्षरांत छापलं. त्याच शनिवारी किती जणांचं काम मेलं ते कोणी मोजलं नाही. माझ्या गणितातही तो आकडा येत नाही, कारण भागायला काही नाहीच.

आता काकू. आमच्या शेजारच्या काकूंनी पंधरा-सोळा वर्षं फोनवरच्या सूचनांचे आवाज दिले. 'कृपया प्रतीक्षा करा', 'मराठीसाठी दोन दाबा'. आमच्या कामासाठी नमुन्याचे आवाज हवे होते तेव्हा मीच त्यांना नेलं. दोन दिवसांचं रेकॉर्डिंग, ठरलेले पैसे, वर चहा-सामोसे. अंतिम आवाज त्यांचा नाही, बऱ्याच जणांचा मिळून बनलाय. पण आता तसल्या सूचना यंत्रच बोलतं आणि काकूंचा फोन वाजेनासा झालाय. मी हा भाग रेकॉर्ड करण्याआधी त्यांच्याकडे जाऊन आलो. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुझ्या त्या डब्याला 'ळ' नीट म्हणता येत नाही. सांग तुमच्या लोकांना." मी लिहून घेतलं. त्या यंत्रासाठी पैसे देऊन कोणाला तरी उच्चार तपासायला बसवा, आणि ते कोणीतरी काकू असाव्यात, अशी मेल सोमवारी टाकलीये. उत्तर आलं की सांगतो.

शेवट मॅजेस्टिकचा. थिएटर 1972 मध्ये पडलं, तिथे आज मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आयुष्यभर शोधत राहिले, त्यांनाही सापडली नाही. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून घेण्यासाठी असंख्य रिळं वितळवली गेली. गंमत बघा, ज्यावर 'आलम आरा'च्या प्रती काढल्या असं म्हणतात, ते बेल अँड हॉवेल कंपनीचं छपाईयंत्र मात्र मुंबईत सापडलंय. लोखंड टिकलं. जिवंत झालेली 78 माणसं पुन्हा मुकी झाली. काही फोटो, काही जाहिराती आणि खिडकीवरच्या त्या दंगलीच्या आठवणी, एवढंच आपल्या हातात आहे.

तुमच्या घरी कोणाच्या आजी-आजोबांनी मॅजेस्टिकमध्ये बोलपट पाहिला असेल, किंवा कोणी थिएटरात पेटी वाजवली असेल, तर मला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नाव नक्की सांगा. पुढच्या भागात ती नावं वाचून दाखवतो, माझ्याच आवाजात. भेटू.