दोन बिंदूंची रेघ आणि बीदरचा दावा

औराद-बीदरकडच्या माणसाची छाती फुगेल अशी एक नोंद आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 साली भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत नेली आणि त्यांचं गाव म्हणून बेधडक बीदर लिहून टाकलं. मी तिथंच अडकलो. कारण दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं जे समीकरण अकरावीत घोटून घेतात, ते माझ्या मते लीलावतीतल्या त्रैराशिकाच्याच कुळातलं.

पुस्तकी वंशावळ वेगळी आहे. देकार्तनं 1637 मध्ये भूमितीला बीजगणित जोडलं. रेषेच्या समीकरणाला आजचा थाट मोंजनं दिला, अठराव्या शतकाच्या अखेरीस. मान्य. पण आर्यभटाची ज्यासारणी (ज्या म्हणजे आजच्या ‘साइन’ची पूर्वज) उघडा. 225 कलांच्या चापाची ज्या 225, 450 ची 449. मग मधल्या 300 ची किती? सरळ त्रैराशिक: चाप 225 नं वाढला की ज्या 224 नं वाढते, तर 75 नं वाढल्यावर किती? 74 कला 40 विकला. ती 225 त मिळवा: 299 कला 40 विकला. आजच्या गणनेशी फरक जेमतेम दोन विकलांचा! दोन ठाऊक बिंदू, त्यांच्यामधला चढ आणि त्याच चढानं सापडलेला तिसरा. समीकरण आणखी वेगळं काय सांगतं? ब्रह्मगुप्ताला तर ही सरळ रेघ कुठं चुकते हेही कळलं होतं. 665 सालच्या ‘खण्डखाद्यका’त त्यानं तिला बाक देणारा नियम दिला.

अक्ष कुठं आहेत, आलेख कुठं आहे, असं कुणी विचारील. नाहीतच. रेघ ओढली युरोपानं. हिशेब आधीपासून आपल्याकडे होता.

बीदरचा दावा मात्र टिकत नाही. भास्कराचार्य स्वतःच आपलं गाव विज्जडविड सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगतात, आणि बीदरहून सह्याद्री कुठल्या कुठं! शिवाय चाळीसगावजवळच्या पाटणला 1207 चा शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढल्याचा. फैजीला विड-बीदर या उच्चारानंच चकवलं असणार.

पण बीदरकरांनी हिरमुसू नये. दोन बिंदूंमधली खरीखुरी सरळ रेघ त्यांच्याच माळावर आखली गेली: लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा, 1815 साली. त्याच सर्वेक्षणातल्या वॉ यांनी ती 1841 मध्ये पुन्हा मोजली.