परदेशातला उपास आणि त्याचा हिशेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परदेशातील शिक्षणाविषयी आपण बोलतो ते बहुधा पदव्यांच्या यादीतून. हिंगणघाटला इतिहास शिकविताना मला मात्र वेगळा अनुभव येतो. घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी पदव्यांविषयी फारसे विचारीत नाही. सर, ते तिकडे राहत कुठे? जेवत काय? मागे घर कोण चालवी? असे तो विचारतो. मीही माझ्या घरातला पहिलाच पदवीधर. हे प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाहीत. आमच्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाई. तो वेचणाऱ्यांच्या पोरांना तिकडची वाट सापडायला मात्र पिढ्या जाव्या लागल्या.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी वारले. ४ जूनला बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी करार केला: दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमधले अन्न रुचेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लब आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉल, नवल भथेना या पारशी मित्रासोबत. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यात पोट व पुस्तके भागवायची. चरित्रकार सांगतात की या काळात त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमविली. ही पुस्तके कशातून आली? पोटातून, असेच म्हणावे लागेल.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. वर्षभरात शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. सामान वाहणारी बोट पाणतीराने बुडाली, पुस्तके गेली. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. बडोद्याने ती परत दिली. पारशी नाव घेऊन उतरलेल्या या पदवीधराला खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले.

पुढे सिडनहॅम कॉलेजातील नोकरीची बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून पाच हजार रुपये कर्ज, एवढ्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी पाव-माशाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, दुपारचे जेवण नाही, रात्री भूक अनावर झाली की भाजलेले चार पापड. इकडे परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढीत होत्या. या हिशेबाची ती दुसरी बाजू. ती आपण क्वचितच मांडतो.

या पापडांची आपण पोथी केली आहे. उपासाला पुण्य मानणे ही ज्या परंपरेची शिकवण, तीच तर बाबासाहेबांनी नाकारली. त्यांचा उपास ही तपश्चर्या नव्हती. तुटपुंजी रक्कम आणि संपत आलेली मुदत यांचा तो परिणाम होता. भुकेचा गौरव करणारा समाज पुढच्या विद्यार्थ्यालाही उपाशीच पाठवितो, आणि अपुरे पैसे देणारी व्यवस्था त्या गौरवाआड सहज लपते.

रक्कम आणि मुदत यांच्याबरोबर तिसरी गोष्ट असते, ती अट. केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे, राज्याची राजर्षी शाहूंच्या नावाची २००३ पासून. केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. आता कोलंबियातील बाबासाहेबांचे विषय पाहा. एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर, ९ मे १९१६ चा निबंध भारतातील जातींवर. त्या नियमावलीत हा विद्यार्थी बसला असता का?

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. ते योग्यच झाले. परंतु माझ्या वर्गातल्या मुलांना मी त्या घरातील भूक आदर्श म्हणून सांगत नाही. अर्जावरचे तीन रकाने वाचायला सांगतो: रक्कम किती, मुदत किती, अट कोणती. आणि त्यांतले जे अन्यायाचे असेल त्याविरुद्ध बोलायला सांगतो.