फर्ग्युसनची गणिताची गादी

शाळा-महाविद्यालयांच्या इतिहासात इमारती, तुकड्या आणि निकाल यांची नोंद सहज होते. शिक्षक कसे घडले, ही नोंद मात्र बहुधा राहून जाते. पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयाचा आरंभकाळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये हे महाविद्यालय सुरू केले. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, हा संस्थेचा पाया होता. १८९० मध्ये लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्यांची गणित शिकविण्याची जबाबदारी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याकडे आली. कोकणातील आपले आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या शिक्षणाकडेही कर्व्यांनी लक्ष पुरविले. परांजपे फर्ग्युसनमध्ये शिकले, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा बहुमान मिळविणारे ते पहिले भारतीय.

एवढ्या कीर्तीनंतर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना दुर्लभ नव्हती. तरीही ते आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसनमध्येच रुजू झाले आणि १९०२ मध्ये प्राचार्यपदी आले. कर्वे १९१४ पर्यंत तेथे शिकवीत होते. म्हणजे ज्याला घडविले, त्याच्याच हाताखाली त्यांनी अनेक वर्षे काम केले.

शिक्षकाला उच्च शिक्षणासाठी मोकळे सोडताना तो परतेल की नाही, ही धास्ती प्रत्येक संस्थेला असते. फर्ग्युसनला तिचे उत्तर नियमांइतकेच या जिव्हाळ्यात सापडले.