चाचपडणारा भुंगेरा

सेलॅफस हे आखूड पंखकवचांच्या भुंगेऱ्यांमधील एका प्रजातीचे नाव. मूळ ग्रीक क्रियापद ‘प्सेलाफाओ’, म्हणजे चाचपडणे. इंग्रजी उच्चारात आरंभीचा ‘प’ गळाला. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेर्ब्स्ट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेले हे बारसे नेमके आहे. जेमतेम दोन मिलिमीटरच्या या किड्याच्या तोंडापाशी लांबच लांब, टोकाला फुगीर स्पर्शके असतात. पालापाचोळ्यात आणि शेवाळात वावरताना ती सतत पुढे असतात.

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये याच नावावरून अख्ख्या गटाचे नाव बेतले. पुढे ते स्वतंत्र कुळ मानले गेले. १९९५ पासून मात्र ते स्टॅफिलिनिडी कुळातील उपकुळ ठरले आहे.

गंमत अशी, की चाचपडण्याची खरी गरज ज्याला, त्या याच उपकुळातील, युरोपातील क्लॅव्हिजर भुंगेऱ्याला डोळेच नाहीत आणि मुखस्पर्शकेही नावापुरती. त्याचे नाव लॅटिन, अर्थ ‘गदाधारी’. ते जाड शृंगिकांवरून पडले. तो पिवळ्या मुंग्यांच्या वारुळात राहतो. त्याच्या पोटावरील केसांच्या झुबक्यांशी पाझरणारा स्राव मुंग्या चाटतात आणि आपल्या तोंडातला घास त्याला भरवतात.