गरोदरपणात वजन किती वाढायला हवं? आणि व्यायाम कधी, कसा सुरू करायचा?

'आता दोन जिवांसाठी खायला हवं' असा सल्ला दिवस गेल्याची बातमी कळताच घरोघरी दिला जातो. त्यासोबत 'फार हालचाल करू नकोस' हेही आलंच. दोन्ही सल्ले काळजीपोटी दिलेले असले, तरी ते जसेच्या तसे पाळले तर आई आणि बाळ दोघांनाही त्रास होऊ शकतो.

वजन फार वाढलं तर गरोदरपणातला मधुमेह, उच्च रक्तदाब आणि सिझेरियनची शक्यता वाढते. ते पुरेसं वाढलं नाही, तर बाळ कमी वजनाचं किंवा मुदतीआधी जन्माला येण्याचा धोका असतो.

किती वजन वाढणं योग्य?

हे गरोदरपणाआधीच्या बीएमआयवर अवलंबून असतं. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उदाहरणार्थ, उंची 1.55 मीटर आणि वजन 50 किलो असेल, तर बीएमआय साधारण 20.8 येतो.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये दिलेली मर्यादा जगभर वापरली जाते. पोटात एकच बाळ असेल तर ती अशी:

- बीएमआय 18.5 पेक्षा कमी: 12.5 ते 18 किलो
- 18.5 ते 24.9: 11.5 ते 16 किलो
- 25 ते 29.9: 7 ते 11.5 किलो
- 30 किंवा जास्त: 5 ते 9 किलो

भारतीयांमध्ये 23 च्या पुढचा बीएमआयही जास्त मानला जातो. त्यामुळे आपलं नेमकं उद्दिष्ट डॉक्टरांशी बोलून ठरवावं. जुळी असतील तर आकडे बदलतात.

हे वजन जातं कुठे?

सगळी चरबी नसते. बाळाचं वजन साधारण 3 किलो असतं. वार, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, स्तन, जास्तीचं रक्त आणि शरीरातलं पाणी यांचं मिळून त्याहून जास्त भरतं. उरलेला साठा स्तनपानाच्या काळात उपयोगी पडतो. म्हणूनच गरोदरपणात वजन कमी करण्यासाठी डाएट करू नये.

मग खायचं किती?

पहिल्या तीन महिन्यांत फारसं जास्त लागत नाही. उलट्यांमुळे वजन थोडं घटलं, तरी ते बहुतेकदा पुढे भरून निघतं. त्यानंतर भारतीय महिलांना रोज सुमारे 350 कॅलरी जास्त लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी सांगतात. म्हणजे साधारण एक चपाती, वाटीभर वरण आणि ग्लासभर दूध. दुप्पट जेवण नव्हे. तूप-गुळाचे लाडू खायला हरकत नाही, पण तेही याच हिशोबात धरावेत.

महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत मात्र प्रश्न बरोबर उलटा आहे, तिथे पोटभर सकस जेवण मिळणंच महत्त्वाचं ठरतं. त्यासाठी राज्याच्या अमृत आहार योजनेत गरोदर महिलांना अंगणवाडीमार्फत एक वेळचं गरम जेवण दिलं जातं.

व्यायामाची सुरुवात कशी करावी?

गुंतागुंत नसेल तर आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी सवय नसेल तर रोज 10 मिनिटं चालण्यापासून सुरुवात करावी आणि हळूहळू 30 मिनिटांपर्यंत जावं. चालताना बोलता यायला हवं. धाप लागून वाक्य तुटत असेल, तर वेग कमी करावा.

चालणं, पोहणं, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली गरोदरपणातली योगासनं आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम चांगले. घरकामातही हालचाल होते, पण ते थकवतं आणि त्यात सलग चालणं होत नाही. भर उन्हात व्यायाम, पडण्याची भीती असलेले खेळ आणि चौथ्या महिन्यापासून बराच वेळ उताणं झोपून करायचे प्रकार टाळावेत.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं?

वार खाली असणं, गर्भपिशवीचं तोंड सैल असणं, रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, तीव्र ॲनिमिया किंवा हृदयविकार असेल, तर परवानगीशिवाय व्यायाम सुरू करू नये.

व्यायाम करताना रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, पोटरी सुजून दुखणं किंवा नियमित कळा जाणवल्या, तर लगेच थांबून दवाखाना गाठावा. वजन अचानक वाढलं आणि सोबत चेहऱ्या-हातांवर सूज, डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं असेल, तर ते वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. त्यातही वेळ घालवू नये.

वजनाची नोंद कुठे होते?

प्रत्येक तपासणीला माता आणि बाल संरक्षण कार्डावर वजन लिहून घ्यावं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांमध्ये ही तपासणी मोफत होते.